आवाज क्रमांक एक

त्या चकतीचा जयमालाला पहिल्या दिवसापासून राग होता, आणि तीन महिने झाले तरी तो तिळभरही उतरला नव्हता. चकती ती केवढी, तर चिंचोक्याएवढी. तिच्या धाकट्या भावाच्या, रेवणच्या, उजव्या कानामागं कातडीच्या आत ती बसवली होती आणि तिच्यातून केसाहून बारीक तारा कवटीखाली पसरल्या होत्या. दिवसभर ती त्याच्या मेंदूतल्या खबरी काढायची आणि त्याच्या मोबाइलवर एक आकडा टाकायची. शून्य ते शंभर. आकडा साठच्या खाली असला तर ठीक. साठच्या वर चढून तिथंच बसून राहिला तर लवकरच फिट येणार असं समजायचं. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रेवणचा चेहरा उजळला होता. जयमालाच्या मनात मात्र एकच आलं, की मग मी कशाला आहे?

कारण हे काम गेली सतरा वर्षं तीच करत आली होती, आणि तेही कुठल्या तारेशिवाय.

इचलकरंजीतले माग एव्हाना बहुतेक आपले आपणच चालायला लागले होते. एका शेडमध्ये चाळीस माग आणि एक माणूस, तोही मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. वहिफणीलासुद्धा यंत्र आलं होतं, पण ते साध्या पांढऱ्या कापडापुरतं. रंगीत पट्ट्या, चौकडे, अगदी थोडका माल असलं काही आलं की यंत्र हात टेकायचं आणि शेठलोक पुन्हा हाताच्या वहिफणीवाल्यांकडं यायचे. काम असं, की बीमवर ताण्याचे चार-पाच हजार धागे गुंडाळलेले असतात. वही म्हणजे डोळे असलेल्या तारांची चौकट, आणि फणी म्हणजे पोलादी दातांचा लांबलचक कंगवा. एकेक धागा आधी वहीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या दातांमधून ओढायचा. एकजण बीमच्या बाजूला बसून धागा निवडून पुढं करतो, दुसरा समोरून हूक घालून तो ओढून घेतो. मध्ये तारांची चौकट, अलीकडं एक माणूस, पलीकडं एक. जयमाला धागा पुढं करायची आणि “हं” म्हणायची, की रेवण हूक घालायचा. धागा, हं, हूक. दिवसाकाठी दोन-अडीच हजार वेळा, दिवाळीचे चार दिवस सोडले तर वर्षभर.

धागे तिची बोटंच ओळखायची. डोळे असायचे तारांच्या पलीकडं, भावाच्या तोंडावर. त्याची डावी पापणी जड झाली, खालचा ओठ आत गेला, हूक एका डोळ्याऐवजी शेजारच्या डोळ्यात शिरला, की ही उठलीच. चौकटीला वळसा घालून जायची, त्याला खाली बसवायची, कुशीवर निजवायची आणि डोक्याखाली आपला पदर द्यायची. मग काय यायचं ते येऊ दे. सतरा वर्षांत रेवणच्या डोक्याला टाके पडले ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा जयमाला तिथं नव्हती. हे ती भेटेल त्याला सांगायची. आई गेली तेव्हा ती सव्वीसची होती आणि रेवण एकोणीसचा. त्यानंतर तिला बघायला आलेल्या पाहुण्यांना चहाचे कप हातात देता देताच तिनं बजावलं होतं, की भावाला सोडून मी कुठं येत न्हाई. पाहुण्यांनी चहा तेवढा संपवला.

“आक्का, अडतीस हाय,” रेवण मोबाइलकडं बघत म्हणाला.

“असू दे. हं.”

“सकाळी उठलो तवा बावीस हुता.”

“मग उठायचंच न्हाईस. हं. निजून ऱ्हायाचं, म्हंजे बावीसच ऱ्हातोय. हं.”

रेवण हसला. ती हसली नाही. ती त्याची पापणी बघत होती.

मिरजेला दर तीन महिन्यांनी जायचं होतं. डॉक्टर शाल्मली मोकाशी वयानं रेवणएवढ्याच असतील, पण जयमालाला ताई म्हणायच्या आणि समजावून सांगताना घड्याळाकडं बघायच्या नाहीत, म्हणून तर जयमालाला त्यांच्यावर राग धरणं जमत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर रेवणच्या मेंदूचं चित्र उघडलं. ठिपके होते, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, काही पुसट, काही दोरखंडासारख्या जाड.

“पूर्वी आम्ही शिकलो ते असं, की मेंदूत एका जागी बिघाड असतो आणि झटका तिथून येतो,” डॉक्टर म्हणाल्या. “जागा असतेही. पण आता दिसतंय ते असं, की आजार त्या जागेचा कमी आणि जाळ्याचा जास्त. मेंदूचे भाग दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. लग्नाच्या मांडवात बघा, प्रत्येकाचं बोलणं वेगळं, तरी पंगती उठत असतात. झटका येतो तेव्हा सगळा मांडव एकाच ठेक्यात एकच शब्द ओरडायला लागतो. हे एकदम होत नाही. आधी दोघं जुळतात, मग चौघं, मग चाळीस. ही चकती ते जुळणं मोजते. तोच तुमचा आकडा.”

“आणि या जाड रेघा?” रेवणनं विचारलं.

“त्या वाटा आहेत. उसाच्या फडातून रोज माणसं जायला लागली की पायवाट पडते ना, तसं. प्रत्येक झटका आपली वाट थोडी रुंद करून जातो. लांबचे भाग एकमेकांशी बोलेनासे होतात, जवळचे चार भाग एकमेकांना घट्ट धरून बसतात. इतक्या वर्षांत तुमचं जाळं नव्यानंच विणलं गेलंय. पण चांगली गोष्ट ही, की वापर थांबला तर वाटेवर गवतही उगवतं. म्हणून ही वाट कशानं उघडते ते आधी शोधायचं.”

आणि चकतीनं ते शोधलं होतं. तिच्या जोडीला मोबाइल कान देऊन बसलेला असायचा, आणि आकडा चढायच्या आधी काय काय झालं त्याची यादी तो करत होता. अपुरी झोप. उपाशी पोट. ताप. पण या सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत लिहिलं होतं, आवाज क्रमांक एक.

“चोथे शेठ,” जयमाला लगेच म्हणाली. “दुसरं कोण असणार? दिवसातनं चारदा येतंय ते आणि झालं का, झालं का म्हणून डोस्कं खातंय. मी सांगतो त्येला आता, माझ्या भावाच्या समोर तोंड उघडायचं न्हाई म्हणून. लई दिवस झाले मला सांगायचंच हुतं.”

रेवण मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसला होता. डॉक्टरांनी एक कळ दाबली. खोलीत आवाज आला. हं. मग थोड्या वेळानं, हं. मग पुन्हा.

जयमालाला आधी कळलंच नाही. आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू येतो तेव्हा तो परक्या बाईचा वाटतो. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं भावाकडं पाहिलं. तो अजून चपलेकडंच बघत होता, म्हणजे त्याला हे ठाऊक होतं.

“मला बी नक्की म्हाईत नव्हतं,” तो पुटपुटला. “नुस्तं वाटायचं.”

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. जयमाला मनात एकच घोळवत होती. आपला आवाज त्याला बाधतो. ठीक आहे. मग आवाजच बंद करायचा, त्यात काय एवढं? जयसिंगपूर येईपर्यंत तिनं मनाशी पक्कं केलं. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकड्याचा बीम लागला होता. चार निळे, दोन पांढरे, एक तांबडा. जयमालानं धागा पुढं केला आणि तोंड मिटून बसली. रेवणनं हूक घातला नाही. तो वाट बघत होता.

“घे की,” ती मानेनंच म्हणाली.

त्यानं ओढला. दुसरा धागा आला, तोही मुकाच. रेवणचे हात अडखळायला लागले, कारण कधी घालायचं ते त्याला कळेना. सतरा वर्षांचा ठेका असा एका सकाळी काढून घेतला तर हात तरी काय करणार बिचारे. शेजारच्या चौकटीवर बसणारी दिलशाद, जिचं तोंड जेवतानासुद्धा बंद नसायचं, ती म्हणाली, “काय गं, भांडलायसा का काय दोघं?” जयमालानं तिच्याकडं नुसते डोळे वटारले.

“आक्का, काय झालंया?” रेवणनं विचारलं.

तिनं मान हलवली, काही नाही.

“त्रेपन्न हाय.”

ती गप्प. तिला वाटलं, जुना आवाज अजून त्याच्या डोक्यात असेल, उतरेल हळूहळू. ती आणखी निग्रहानं गप्प बसली आणि आणखी टक लावून बघायला लागली, कारण आता बोलायचं नव्हतं तर बघणं तरी चुकायला नको.

“आक्का, एकसष्ट. बोल की काय तरी.”

तिनं ओठ घट्ट दाबले. रेवणच्या कपाळावर घाम आला होता. त्याचा हूक शेजारच्या डोळ्यात शिरला, ओठ आत गेला आणि ती उठेपर्यंत तो पुढच्या पुढं चौकटीवर कोसळला. फणीची कड त्याच्या भुवईवर बसली. निळ्या-पांढऱ्या धाग्यांवर रक्त पसरलं. जयमालानं त्याला ओढून कुशीवर घेतलं तेव्हा त्याचं सगळं अंग ताठरलं होतं आणि पदर डोक्याखाली जाईना. चोथे शेठ धावत आले ते हातात चप्पल घेऊन, हुंगवायला. जयमालानं ती त्यांच्या हातातून हिसकली आणि दाराबाहेर भिरकावली. शेठ अनवाणी पायानं तिथंच उभे राहिले.

भुवईला पाच टाके पडले, आणि या वेळी जयमाला समोर बसलेली होती.

“काय केलंत तुम्ही त्या दिवशी?” डॉक्टरांनी विचारलं. जयमालानं सांगितलं, अगदी चोरी कबूल केल्यासारखं. डॉक्टरांनी पडद्यावर दोन रेघा काढल्या, वरची जयमालाच्या हुंकारांची, खालची रेवणच्या आकड्याची.

“माझीच चूक. मी अर्धवट वाचलं,” त्या म्हणाल्या. “ताई, हे बघा. तीन महिन्यांत तुम्ही दीड लाखाच्या वर वेळा हं म्हटलंय. त्यातल्या एकानंही आकडा वाढलेला नाही. उलट तुम्ही ठेक्यात बोलता तेव्हा तो शांत असतो. वाढतो तो इथं. आणि इथं.” त्यांनी बोट ठेवलं तिथं वरच्या रेघेत फट होती. “तुमचा हं दोन-तीन सेकंद उशिरा आला, की आकडा उडी मारतो. तुमच्या आवाजाचं त्याला काही नाही. त्याला बाधतं ते तुमचं थांबणं.”

“मी थांबतो कवा? मला त्येच्या तोंडावर काय तरी दिसतं तवाच थांबतो.”

“तेच तर. तुम्ही थांबलात की त्यांच्या मेंदूला कळतं, आक्काला काहीतरी दिसलंय. म्हणजे आता येणार. आणि तो जुन्या वाटेला लागतो.”

जयमालानं विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण ती गप्प बसणारी नव्हती. “पर मला दिसतं ते खरंच असतंय की.”

डॉक्टरांनी कागद काढला. तीन महिन्यांत ती बावीस वेळा थांबली होती. नऊ वेळा ती बरोबर होती. आकडा आधीच चढत होता आणि तिनं त्याला पडण्याआधी धरलं होतं. उरलेल्या तेरा वेळा ती थांबली तेव्हा आकडा तिशीत होता. म्हणजे रेवणला नुसती जांभई आली असेल, डोळ्यात तंतू गेला असेल, नाहीतर तो क्रिकेटचा विचार करत असेल. त्या तेरांपैकी पाच वेळा अर्ध्या तासाच्या आत फिट आली होती.

“म्हंजे पाच वेळा मी पाडलं त्याला,” जयमाला म्हणाली.

“असं नका म्हणू.”

“मग कसं म्हणू?”

डॉक्टरांनी एक वेगळीच गोष्ट केली. तारांची टोपी आणून जयमालाच्या डोक्यावर चढवली, रेवणला समोर बसवलं आणि तिला त्याच्याकडं बघायला सांगितलं. पडद्यावर दुसरं चित्र उमटलं. त्यातही एक रेघ दोरखंडासारखी जाड होती. डोळ्यांकडून निघायची आणि भीतीच्या जागी जाऊन पोचायची, मध्ये कुठं न थांबता.

“तुम्हाला आजार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण सतरा वर्षं तुम्हीही एकाच वाटेनं चालताय. सांभाळणाऱ्यांच्या मेंदूत हे दिसायला लागलंय आम्हाला. दोन माणसं, पण जाळं आता एकच झालंय म्हणा ना. चार आठवडे लांब राहून बघा. भेट नको, फोनवर आवाजसुद्धा नको. दोन्हीकडं गवत उगवू दे थोडं.”

“आणि हा पडला तर धरायला कोण? ही चकती येणार व्हय हात पसरून?”

“आक्का,” रेवण म्हणाला. “जा तू.”

त्यानं इतक्या चटकन म्हणावं, याचा तिला धक्का बसला. तो छत्तीस वर्षांचा होता, भुवईवर पट्टी होती आणि तिच्याकडं न बघता बोलत होता. “मला बी बघायचंय, तुझ्याबिगर काय हुतंय ते. तू रागावलीस तरी चालंल. पर जा.”

हुपरीत तिची आत्तेबहीण सुमित्रा राहायची. घरात चांदीच्या पैंजणांचं काम होतं. बायका गोल बसून साखळीला घुंगरू जोडायच्या. जयमालालाही त्यांनी एक चिमटा देऊन बसवलं. काम तिला दोन दिवसांत आलं, पण जीव एका जागी ठरेना. घुंगरू जोडता जोडता ती सगळ्यांची तोंडं बघत राहायची. सुमित्राच्या सुनेनं एकदा मोठी जांभई दिली, तर ही ताडकन उठून तिच्यामागं हात पसरून उभी राहिली. सगळ्या बायका पोट धरधरून हसल्या. जयमालाही हसली, पण जेवायच्या वेळेपर्यंत ती त्या सुनेच्याच तोंडाकडं बघत होती.

रोज दुपारी दिलशादचा फोन यायचा. रेवणच्या समोर धागे द्यायला आता तीच बसत होती.

“आज एकोणीस हुता गं,” दिलशाद सांगायची. “काल चोवीस. माझ्या नणंदेच्या घराची भानगड सांगितली त्याला पहिल्यापासनं, ती ऐकतोय आणि वढतोय धागं. न्हाई गं, हं बिं काय म्हणत न्हाई मी. माझी टकळी थांबली तर हं म्हणणार की.”

“फिट?”

“कुठली आलीया? बरा हाय की.”

“जेवला?”

“माझ्या डब्यातलं मटण खाल्लंया त्यानं. तू काय त्याला दोडकाच घालत हुतीस का रोज?”

फोन ठेवल्यावर जयमाला चिमटा हातात घेऊन बसून राहायची. दुसरा आठवडा गेला. तिसरा लागला. आकडा वीसच्या आसपास, फिट नाही. आणि एका दुपारी, घुंगराच्या कडीत कडी अडकवताना, तिला स्वतःच्या मनात एक गोष्ट स्वच्छ दिसली. आपण फोनची वाट बघतोय ती तो बरा आहे हे ऐकायला नाही. एखादी तरी फिट यावी, एक छोटी, म्हणजे आपल्याला बोलावणं येईल, असं आपल्याला वाटतंय. तिनं चिमटा खाली ठेवला. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. स्वतःची इतकी शिसारी तिला आयुष्यात कधी आली नव्हती. ज्या भावासाठी तिनं घर मांडलं नाही, त्याच्यावर ती फिट चिंतत होती.

त्यानंतर तीन दिवसांनी दिलशादचा फोन एरवीपेक्षा उशिरा आला.

“अगं, काल आली हुती त्याला,” ती म्हणाली.

जयमाला उभी राहिली. “काय?”

“आकड्यानं आधी सांगितलं हुतं. त्यानंच फोन बघितला, हूक ठेवला, चटईवर जाऊन आडवा झाला. म्हणला, दिलशादबी, मला येणार आसं दिसतंय, तू बोलत ऱ्हा. मग मी बोलत ऱ्हायलो. दोन मिनटं हात-पाय झाडलं, मग निवांत पडला. उठल्यावर पाणी दिलं. म्हणतोय कसा, नणंदेचं पुढं काय झालं?”

“आणि लागलं कुठं?”

“कुठं लागतंय? निजला हुता की.”

“मला कालच का सांगितलं न्हाईस?”

“त्यानं सांगू नको म्हणून सांगितलं हुतं,” दिलशाद म्हणाली. नेहमी वाहत असलेलं तिचं बोलणं इथं जरा अडलं. “तू पळत येशील म्हणून.”

जयमाला पुन्हा खाली बसली. फिट आली होती आणि गेली होती. तिच्याशिवाय आली आणि तिच्याशिवाय गेली. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं ते एक मोठं, मोकळं हुश्श, आणि त्याची लाजही तिला वाटली नाही. सुमित्रानं विचारलं, काय गं, काय झालं? ती म्हणाली, “काय न्हाई. भाऊ निजला हुता.”

चार आठवडे पुरे झाल्यावर डॉक्टरांनी रेवणला फोनवर सांगितलं, की एरवी महिन्याला चार-पाच यायच्या, या वेळी एकच आली. वाटेवर गवत उगवायला लागलंय. आक्का आल्या तर येऊ देत, पण आकडा चढणार, आणि चढला तर त्यांनी लांब जायचं. चालेल का ते तुम्ही दोघं ठरवा.

सोमवारी सकाळी जयमाला शेडच्या दारात उभी राहिली. चपला काढताना तिचा पाय अडकला. रेवण चौकटीपाशी बसला होता. भुवईवरचा व्रण गुलाबी दिसत होता आणि तो थोडा जाड झाला होता, दिलशादच्या डब्याची कृपा. दिलशाद आपल्या जागेवरून म्हणाली, “ये बाई, माझ्या नणंदेच्या सगळ्या गोष्टी संपल्या,” आणि मान वळवून कामाला लागली.

रेवणनं मोबाइल उचलला.

“किती?” जयमालानं दारातूनच विचारलं.

“तू येताना चोवीस हुता. आता छत्तीस.”

“जातो मी मग.”

“का?”

“का म्हंजे? चढतोय न्हवं.”

“चढू दे की,” रेवण म्हणाला. “तू आल्यावर चढणारच. मला बी म्हाईत हाय, तुला बी म्हाईत हाय. साठ झालं की मी सांगतो, मग ऊठ, जा बाहेर, चा पिऊन ये. तवर बस.”

ती बीमच्या बाजूला, आपल्या जुन्या पाटावर, पण अंग चोरून बसली. तारांच्या पलीकडं त्याचा चेहरा होता आणि तिचे डोळे आपोआप तिकडं गेले, पापणीवर, ओठावर.

“आक्का, माझ्याकडं न्हाई,” तो म्हणाला. “आकडा मी बघतो. तू धागं बघ.”

“मला जमायचं न्हाई रं.”

“मला तरी कुठं जमत हुतं आडवं व्हायला, कुणी न सांगता?”

ती खाली बघायला लागली. चार हिरवे, दोन पिवळे. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच धाग्यांकडं नीट बघत होती. हिरवा रंग सारखा नव्हता, काही ठिकाणी फिका होता.

“हं मी म्हणू?” तिनं विचारलं.

“न्हाई. मी म्हणतो. मी वढला की म्हणतो, मग तू पुढचा दे.”

तिनं धागा पुढं केला. तारेतून तो सरकन गेला.

“हं,” रेवण म्हणाला.

तिनं दुसरा दिला. सुरुवातीला दोघंही चुकत होते. ती घाई करायची, त्याचा हं मागं पडायचा. चाळीस-पन्नास धाग्यांनंतर हात बसले. मध्येच तो आकडा सांगायचा, आपला आपणच, तिनं न विचारता. एक्केचाळीस. सत्तेचाळीस. पंचेचाळीस. ती मान खाली घालून ऐकायची आणि पुढचा हिरवा निवडायची. तिच्या मानेला रग लागली, कारण इतका वेळ ती कधी खाली बघत बसली नव्हती.

मग एका पिवळ्या धाग्याला हं आला नाही.

धागा तिच्या बोटांत होता, अर्धा तारेत, अर्धा बाहेर. पलीकडं काही हललं नाही. एक सेकंद गेला, दोन गेले. मान वर करायची म्हटलं तर नुसती हनुवटी उचलायची होती, एवढंच. तिनं डोळे त्या पिवळ्यावर रोवले. तीन. चार. तिनं मान वर केली नाही.

पलीकडून घोट घेतल्याचा आवाज आला, आणि तांब्या जमिनीवर टेकल्याचा.

“पाणी प्यालो, आक्का,” रेवण म्हणाला. “एक्कावन्न. पुढचा दे.”